टाकलेला पैसा कोणाचा?

वार्षिकांकासाठी पत्त्यांच्या खेळावर लेख लिहितो आहे, असे मी वसतिगृहातल्या मित्रांना सांगितले तेव्हा ते हसले. एकाने तर लेख छापून येण्याआधी प्राचार्यांची भेट घेऊन ये, असा सल्लाही दिला. म्हणून आधीच सांगून टाकतो की हा लेख जुगार खेळावा म्हणून लिहिलेला नाही, खेळू नये म्हणूनही नाही. या खेळात एक प्रश्न आहे. तो मला अर्थशास्त्राच्या तासाला सापडला नाही, पत्त्यांत सापडला, आणि मग घरी शेतातही सापडला. त्या प्रश्नाची फोड करून सांगावी एवढाच हेतू.

आमचे पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, घाटाखाली. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन आणि पावसाची वाट. श्रावण लागला, शेतातली कामे थोडी सैल झाली की पारावर, गोठ्यात, कुणाच्या माडीवर पत्ते बसतात. पोळा आणि त्याची कर हा तर त्याचा हंगामच. खेळ बहुधा तीन पत्ती. यालाच मराठवाड्यात तिरट म्हणतात. महाराष्ट्रात यावर १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. तीन पत्ती त्या सुटीत बसत नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रप्रदेशातल्या एका खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविले आणि त्याच निकालात तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा म्हटला. न्यायालयाचा मान राखूनही मला वाटते की ‘निव्वळ’ हा शब्द थोडा जड झाला. पाने नशिबाची खरी, पण पैसे केव्हा टाकावे आणि केव्हा पाने खाली ठेवावी हे नशीब सांगत नाही.

हा प्रश्न तीन पत्तीपेक्षा पोकरमध्ये अधिक स्वच्छ दिसतो. माझा एक मामेभाऊ पुण्यात नोकरीला आहे. तो मोबाईलवर पोकर खेळत असे. २०२५ साली संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हा त्याचा खेळ बंद झाला. बंद झाला ते बरे झाले असे मामी म्हणते. दिवाळीत तो घरी आला असता मला म्हणाला, ‘‘मी पाने वाईट खेळत नव्हतो रे. माझा सगळा पैसा ब्लाईंड वाचवण्यात गेला.’’ त्याचे हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले.

ब्लाईंड म्हणजे काय ते आधी सांगतो. आपल्या तीन पत्तीत डाव सुरू होण्याआधी सगळेच बूट टाकतात. पोकरमध्ये सगळे टाकीत नाहीत, फक्त दोघे टाकतात. पाने वाटणाऱ्याची एक खूण असते, तिला बटन म्हणतात. बटनाच्या डावीकडचा पहिला गडी लहान ब्लाईंड टाकतो, त्याच्या शेजारचा मोठा ब्लाईंड. समजा लहान पाच रुपयांचा आणि मोठा दहाचा. हे पैसे पाने न पाहता, सक्तीने टाकावयाचे. पुढच्या डावाला बटन एक घर सरकते, म्हणजे हा कर आळीपाळीने सर्वांवर येतो. मग प्रत्येकाला दोन पाने लपवून मिळतात. पुढे मध्ये पाच पाने उघडी पडतात, आधी तीन (यांना फ्लॉप म्हणतात), मग एक, मग एक. आपली दोन आणि मधली पाच यांतून उत्तम पाच पानांचा हात ज्याचा, डाव त्याचा.

आता प्रसंग असा. तुम्ही मोठ्या ब्लाईंडवर आहात, दहा रुपये तुमचे आधीच मध्ये पडले आहेत. बाकी सगळ्यांनी पाने टाकली, फक्त बटनावरच्या गड्याने वाढ केली, पंचवीस रुपये टाकले. लहान ब्लाईंडवाल्याने पाच सोडून दिले. आता पाळी तुमची. आणखी पंधरा टाकून बरोबरी करावयाची, की दहावर पाणी सोडावयाचे?

माझा मामेभाऊ म्हणत असे, ‘‘माझे दहा आहेत ना त्यात. फुकट कसे देऊ?’’ हे वाक्य कानाला बरोबर वाटते, पण ते दहा रुपये आता त्याचे नाहीत. ज्या क्षणी ते मध्ये पडले त्या क्षणी ते डावाचे झाले, आणि डाव जो जिंकेल त्याचे होणार. तुमच्या हातात अजून असलेले पंधरा तेवढे तुमचे. म्हणून प्रश्न ‘दहा कसे वाचवू’ असा नाही, ‘पंधरा टाकून मला काय मिळू शकते’ असा आहे.

मध्ये आहेत चाळीस, म्हणजे त्याचे पंचवीस, लहानाचे पाच आणि आपण टाकलेले दहा. तुम्ही पंधरा टाकलेत की होतात पंचावन्न. पंचावन्नासाठी पंधरा, म्हणजे अकरा भागांतले तीन. असा डाव अकरा वेळा आला आणि दर वेळी पंधरा टाकले तर एकशे पासष्ट जातील. त्यांतले तीन डाव जिंकलात तर पंचावन्न त्रिक एकशे पासष्ट परत. म्हणजे अकरांत तीन जिंकलात की बरोबरी, चार जिंकलात की फायदा. शंभराच्या भाषेत सत्तावीस टक्के. त्याने वाढ विसापर्यंतच केली असती तर तुम्हाला दहाच टाकावे लागते आणि मध्ये पंचेचाळीस होते, म्हणजे नवांत दोन जिंकणे पुरे. उलट त्याने चाळीस टाकले तर तुमचे तीस आणि मधले पंच्याऐंशी, म्हणजे तीनांत एकाहून अधिक जिंकावयास हवे. वाढ जितकी मोठी तितकी पाने चांगली लागणार हे ज्याला त्रैराशिक येते त्याला कळेल.

पण येथे एक बारीक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळा लेख तिच्यासाठी आहे. ते दहा तुमचे नाहीत हे खरे, तरी ते शून्यही नाहीत. ते मध्ये पडलेले आहेत म्हणूनच चाळीस झाले, आणि ते आधीच दिलेले आहेत म्हणूनच तुम्हाला पंचविसाऐवजी पंधरात डाव मिळतो आहे. बटनावरच्याला जो डाव पंचविसात पडला तो तुम्हाला पंधरात पडतो. म्हणून ज्या पानांवर दुसऱ्या जागेवरून कधी पैसा लावू नये, ती पाने मोठ्या ब्लाईंडवरून खेळता येतात. माझ्या मामेभावाने पहिली गोष्ट ऐकली नाही म्हणून तो सगळेच डाव खेळत गेला. दुसरे काही लोक फक्त पहिलीच गोष्ट ऐकतात, ‘गेले ते गेले’ म्हणतात आणि प्रत्येक ब्लाईंड सोडून देतात. हेही चुकीचे. बटनावरच्या गड्याचा हिशेब पाहा. तो पंधरा मिळविण्यासाठी पंचवीस टाकतो. आठ डावांपैकी पाच वेळा दोन्ही ब्लाईंडवाल्यांनी पाने टाकली तर त्याला मिळाले पाच पंधरा पंच्याहत्तर, आणि उरलेले तीन डाव तो पुरता हरला तरी गेले तीन पंचवीस पंच्याहत्तर. पाचाऐवजी सहा वेळा पाने टाकलीत की त्याला आपली पाने पाहण्याचीही गरज नाही, डोळे मिटून वाढ करावी आणि तुमचे पैसे न्यावेत. कुंपण नसलेल्या शेतात गावची ढोरे शिरतात, त्यातला हा प्रकार.

मग कोणती पाने राखावी? येथे माझी समजूत पुस्तकी आकड्यांनी बदलली. एक्का आला की माणूस खूश होतो. समजा तुमच्याकडे एक्का आणि तिर्री आहे आणि समोरच्याकडे एक्का आणि राजा. तुमचा वाटा चारांत एकाच्या थोडा वर राहतो, कारण एक्का पडला तरी तो दोघांना पडतो, आणि मग राजा तिर्रीला खातो. उलट तुमच्याकडे एकाच रंगाची अठ्ठी आणि सत्ती असेल तर त्याच एक्का-राजाविरुद्ध तुमचा वाटा शंभरांत चाळीसच्या आसपास जातो. दिसावयास अठ्ठी-सत्ती गरीब, पण तिची पाने समोरच्याच्या पानांत अडकत नाहीत, आणि लागली तर रांग लागते किंवा रंग लागतो. अगदी टाकाऊ समजली जाणारी वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्रीदेखील एक्का-राजाविरुद्ध जवळजवळ तिसरा हिस्सा जिंकते. एक्क्यांच्या जोडीविरुद्ध मात्र आठांत एक.

कोणी म्हणेल, आपल्याला सत्तावीस टक्के पुरे होते, सत्ती-दुर्री तेहतीसच्या घरात आहे, मग ती का खेळू नये? याचे उत्तर असे की हा तिसरा हिस्सा पाचही पाने उघडेपर्यंत कुणी तुम्हाला हाकलले नाही तर मिळतो. प्रत्यक्षात हाकलतात. हातात जोडी नसेल तर फ्लॉपच्या तीन पानांत आपल्या पानाला जोड लागण्याचा योग तीन वेळांत एकदाच येतो. उरलेल्या दोन वेळा समोरच्याने पुन्हा पैसे टाकले की सत्ती-दुर्रीवाला उठतो. शिवाय ब्लाईंडवाल्याला फ्लॉपनंतर दर वेळी आधी बोलावे लागते आणि बटनावरचा शेवटी बोलतो. बैलबाजारात हेडे रुमालाखाली बोटे धरून किंमत का करतात? आधी उघड बोलेल तो फसतो म्हणून. आधी बोलणाऱ्याचा तेहतीस टक्क्यांचा हात विसाचा होऊन जातो. रंगाची, लागून असलेली पाने या बाबतीत टिकाऊ असतात, कारण त्यांना पुढे जाण्याला काही तरी आधार मिळत राहतो. तेव्हा कागदावरचा वाटा आणि पदरात पडणारा वाटा हे दोन वेगळे धरावे लागतात.

लहान ब्लाईंडवाल्याची गत आणखी वाईट. त्याने पाचच दिलेले असतात, म्हणून त्याला वीस टाकावे लागतात आणि साठ मिळावयाचे, म्हणजे तीनांत एक. त्याच्या पाठीमागे मोठा ब्लाईंडवाला अजून बोलावयाचा असतो, आणि फ्लॉपनंतर सर्वांत आधी बोलावयाचे ते यालाच. त्याने बहुतेक पाने सोडावीत हे उत्तम. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो बोटींत किंवा अशा कुठल्याही ठिकाणी घरधनी प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो, तोही धरावा लागतो. पंचावन्नातून पाच टक्के काढले तर मिळावयाचे बावन्न आणि चार आणे, आणि सत्तावीसचे एकोणतीसच्या जवळ जाते. थोड्या फरकाने राखण्याजोगी वाटणारी पाने मग राखण्याजोगी राहात नाहीत.

समोर कोण आहे हेही पाहावे. बटनावरून कुणीही वाढ करतो, कारण त्याला फक्त दोघांना उठवावयाचे असते. पण सगळ्यांच्या आधी बोलणाऱ्याने, आठ माणसे मागे असताना वाढ केली असेल तर त्याच्याकडे खरोखर काही तरी आहे. किंमत तीच, पंधरा. पण राखावयाची पाने निम्मीही उरत नाहीत.

आता आपल्या तीन पत्तीकडे वळतो, कारण येथे वाचकांपैकी अनेकांना (प्राध्यापकांसह, क्षमा असावी) अधिक गम्य आहे. येथे ब्लाईंड म्हणजे पाने न पाहता खेळणे. पाहून खेळणाऱ्याला चाल दुप्पट पडते, न पाहणाऱ्याला निम्मी. बावन्न पानांतून तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांतले ५२ तिर्रंगी, म्हणजे तीन सारखी पाने. ४८ एका रंगाच्या रांगेचे, ७२० साध्या रांगेचे, १,०९६ रंगाचे आणि ३,७४४ जोडीचे. उरलेल्या १६,४४० हातांत काहीच नसते. म्हणजे चारांत तीन वेळा माणूस उघडी पाने पाहून खोटा चेहरा करीत असतो. नुसता एक्का वर असला तरी तो हात वरच्या त्रेचाळीस टक्क्यांत बसतो. अगदी मधला हात काढला तर तो राजा वर असलेला निघतो. आमच्या गावच्या नावात राजा आहे, तो किती मोठा ते यावरून समजावे.

पाच जणांनी पाच-पाच बूट टाकला, पंचवीस झाले. तिघांनी पाहून पाने टाकली, चौथ्याने पाहून दहाची चाल केली, पस्तीस झाले. तुम्ही ब्लाईंड आहात, पाच टाकून शो मागू शकता. चाळिसासाठी पाच, म्हणजे आठांत एक जिंकावयास हवे, साडेबारा टक्के. समोरचा जोडी किंवा त्याहून वरच्या हातावरच चाल करतो असे धरले तर न पाहिलेली तीन पाने त्याला किती वेळा हरवतील? तुमच्याही हाती जोडी किंवा वर असण्याचा योग सुमारे पंचवीस पूर्णांक सहा दशांश टक्के, आणि तसे असल्यास जिंकणे-हरणे निम्मे-निम्मे. म्हणजे बारा पूर्णांक आठ. काट्यावर काटा! समोरचा एक्का पाहूनही चाल करणारा असेल तर शो मागण्यात स्वच्छ फायदा, तिरट्याशिवाय हलत नसेल तर स्वच्छ तोटा. पारावरचे म्हातारे हा हिशेब न मांडता करतात आणि बहुधा बरोबर करतात. त्यांना टक्के ठाऊक नाहीत, पण समोरचा माणूस तीस वर्षे ठाऊक आहे.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी बुडीत खर्च शिकविला. जो खर्च झाला आणि कोणत्याही निर्णयाने परत यावयाचा नाही, तो पुढच्या निर्णयात धरू नये. वर्गात सर्वांनी वहीत लिहून घेतले, मीही घेतले. त्या वेळी मला वाटले, हे तर माझ्या मायला ठाऊक आहे.

मागे एका वर्षी मृगात पाऊस चांगला पडला आणि गावाने सोयाबीन पेरले. नंतर तीन आठवडे आभाळ कोरडे. भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या पहाटे काय सांगितले होते यावर पारावर वाद झाले. उगवलेले कोंब करपले. घरी दुबार पेरणीचा प्रश्न आला. बाबा म्हणाले, इतके लावले, आता शेत असेच कसे सोडायचे? माय म्हणाली, ‘‘गेलं थे गेलं. आता घरात किती हाये अन् दिवस किती उरले थे पाहा.’’ दोघांच्या बोलण्यात पोकरचे दोन्ही पक्ष मला आज दिसतात. नांगरणी, वखरणी, खत, पहिले बियाणे यांचा पैसा जमिनीत गेला, तो आता बाबांचा नाही. पण नांगरलेली जमीन तयार पडून आहे, खत त्यातच आहे. दुसऱ्यांदा पेरायचे तर किंमत पडणार ती बियाण्याची पिशवी आणि पेरणीची मजुरी एवढीच. सगळे नव्याने करणाऱ्याला जे पीक महागात पडते ते तयार शेतवाल्याला स्वस्तात पडते. हे मधले दहा रुपये. दुसऱ्या बाजूला दिवस. जुलैचा मध्य उलटल्यावर सोयाबीन पेरू नये असे कृषी विभाग सांगतो, आणि पावसाने फ्लॉपनंतर शेवटी बोलावयाचे असते. आम्ही आधी बोलणारे.

बाबांनी दोन दिवस हिशेब केला. सगळे शेत पेरायचे तर दुसऱ्या पिशव्यांसाठी उधारी करावी लागणार होती, आणि माझ्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे त्याच डब्यात होते. शेवटी ओढ्याकाठची भारी जमीन, जी चार दिवस ओल धरते, तेवढी त्यांनी सोयाबीनला पुन्हा दिली. वरच्या बरडावर उशिरा पेरली तरी चालणारी तूर टाकली, आणि कडेचा मुरमाड तुकडा तसाच सोडला. तेव्हा मला वाटले की बाबांनी माघार घेतली. आता वाटते की सगळे हात न राखता त्यांनी राखण्याजोगे राखले. त्या वर्षी किती पोती झाली हे मी मुद्दामच सांगत नाही. चांगले पिकले म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही आणि बुडाले म्हणून चूक ठरत नाही, जशी सत्ती-दुर्री एखादे वेळी जिंकली म्हणून ती खेळावी असे होत नाही.

पोकरला विद्वानांनी कमी लेखलेले नाही. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या सिद्धान्तावर निबंध लिहिला, आणि १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात पोकरवर एक स्वतंत्र विभाग आहे. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे की कधी कधी वाईट पानांवरही पैसा लावला पाहिजे, नाही तर चांगल्या पानांवर तुम्हाला कुणी पैसा देणार नाही. ब्लाईंड राखण्याचेही तसेच. एखादे वेळी बरोबरी न करता उलट मोठी वाढ करावी. बटनावरच्याला कळावे की या घरी माणूस जागा असतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात धरावी. मोठ्या ब्लाईंडवर बसून कायमचा फायदा कुणाला होत नाही. पाने न पाहता दहा टाकणारा सरासरीने घाट्यातच राहणार. सगळे सोडले तर दर वेळी दहा जातात. नीट राखले तर कधी जास्त जातात, कधी येतात, आणि पुष्कळ डावांची सरासरी काढली तर दहाऐवजी चार-पाच जातील असे धरा. येथे मिळवावयाचे असते ते एवढेच. माझ्या मामेभावाला हे पटत नाही. ज्या जागेवर जिंकता येत नाही तेथे खेळायचे कशाला, असे तो म्हणतो, आणि तरीही प्रत्येक डाव खेळतो.

वसतिगृहात आम्ही चौघे रविवारी चिंचोके लावून हा खेळ खेळतो. पैसा नसतो. प्रत्येकाला शंभर चिंचोके मिळतात आणि ते वहीत मांडले जातात. नांदुऱ्याकडचा एक मित्र ब्लाईंड कधीच सोडत नाही. त्याचे चिंचोके जेवणाच्या घंटेआधी संपतात आणि मग तो भाजून खाल्ले असे सांगतो. दुसरा, मलकापूरचा, एक्का आल्याशिवाय हलत नाही. त्याचे चिंचोके हळूहळू, दर चार डावांतून एकदा दहा, असे संपतात. त्याला आपण हरत आहोत हे कळतच नाही, कारण एकही डाव तो हरलेला नसतो.